दुचाकीच्या दिव्यांचा बिघाड: बल्ब बदलण्याआधी परतीची वाट तपासा

मृगाच्या पहिल्या दमदार सरी पडून गेल्या की कोल्हापुरातल्या दुचाकी गॅरेजांमध्ये एकाच जातीच्या तक्रारी वाढू लागतात. कोणाची हेडलाईट एका खड्ड्यात विझते आणि पुढच्या खड्ड्यात आपोआप लागते; कोणी ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचा दिवा उजळतो आणि मागचा ब्रेक लाईट मात्र अंधारातच राहतो; कोणाचा महिन्यातला तिसरा बल्ब उडालेला असतो. ‘‘बल्ब नवा घातला, तरी लाईट लागंना झालीया’’ असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मिळणारा उपाय म्हणजे पुष्कळदा आणखी एक नवा बल्ब, किंवा त्याहून खर्चिक अशी नवी बॅटरी.

या गोंधळात एका नियमाने नकळत भर घातली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर इंजिन चालू असताना हेडलाईट आपोआप पेटलेली राहणे बंधनकारक झाले आणि हँडलवरचे हेडलाईट बंद करण्याचे बटण गेले. त्यामुळे दिवा दिवसभर पेटतो, पण उन्हात तो नीट पेटला आहे की मलूल झाला आहे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ते कळते रात्री, फुलेवाडी मागे टाकून गगनबावड्याच्या रस्त्याला लागल्यावर. माझ्या अनुभवात दिव्यांचे हट्टी बिघाड बॅटरी आणि बल्ब यांच्यामधल्या वाटेत, त्यातही परतीच्या वाटेत सापडतात. ती वाट शोधायला वायरमन असण्याची गरज नाही, मात्र वीज गाडीत कशी फिरते हे एकदा समजून घ्यावे लागते.

पाइपलाइनची भाषा

नदीकाठच्या मोटारीपासून शेतापर्यंत गेलेली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणावी. पाइपमध्ये पाण्याचा जो दाब असतो, तसा तारेतल्या विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज. पाइपमधून प्रत्यक्ष जेवढे पाणी वाहते, तसा तारेतून वाहणारा प्रवाह म्हणजे करंट, जो अँपिअरमध्ये मोजतात. पाइपमध्ये साचलेला गाळ पाण्याला जशी आडकाठी करतो, तशी गंजलेला जोड किंवा तुटत आलेली तार प्रवाहाला जी आडकाठी करते, तिला रोध म्हणतात. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे वॅट. म्हणून १२ व्होल्टच्या गाडीत ३५ वॅटचा हेडलाईटचा बल्ब सुमारे २.९ अँपिअर प्रवाह घेतो आणि ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर. एवढे चार शब्द पुढच्या लेखाला पुरेसे आहेत.

ही उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. पाइपलाइनचे पाणी शेतात मुरले तरी मोटारीचे काही बिघडत नाही. वीज मात्र जिथून निघाली तिथे परत आलीच पाहिजे, नाहीतर ती निघतच नाही. जाताना ती रंगीत तारेतून बल्बपर्यंत जाते आणि येताना बहुधा काळ्या किंवा हिरव्या तारेतून गाडीच्या लोखंडी सांगाड्यात उतरून बॅटरीच्या वजा टोकाला पोचते. या परतीच्या वाटेला मेकॅनिक ‘अर्थिंग’ म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे या अर्थिंगचा जमिनीशी काहीच संबंध नसतो. घरातल्या अर्थिंगवाचून दिवा लागू शकतो. गाडीतल्या अर्थिंगवाचून तो लागत नाही.

राधानगरीचे दरवाजे आणि गाडीचा रेग्युलेटर

गाडीतली वीज मुळात बॅटरी तयार करत नाही, ती फक्त साठवते. इंजिनच्या बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी असलेली कॉईल प्लेट असते आणि तिच्याभोवती इंजिनबरोबर चुंबक फिरतो. त्यातून जी वीज निघते ती सतत दिशा बदलणारी असते आणि इंजिन जितके जोरात फिरेल तितका तिचा दाब वाढतो. ही बेभरवशाची वीज तशीच बॅटरीत सोडली तर बॅटरी टिकणार नाही, म्हणून मध्ये एक उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्या (फिन्स) असलेला अॅल्युमिनियमचा डबा बसवलेला असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘आर.आर. युनिट’ (रेक्टिफायर-रेग्युलेटर) म्हणतात. तो दोन कामे करतो: दिशा बदलणारी वीज एका दिशेची करतो आणि दाब ठरावीक मर्यादेच्या वर जाऊ देत नाही.

दुसरे काम कोल्हापूरकरांना समजावून सांगावे लागू नये. राधानगरी धरण भरत आले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडतात आणि जादा पाणी भोगावतीत जाते. दरवाजा उघडायला कोणी बटण दाबत नाही. रेग्युलेटरही मर्यादा गाठली की जादा वीज अशीच बाजूला वळवतो, आणि ती वळवताना तापतो, म्हणूनच त्याला थंड राखायला त्या पात्या असतात व तो वारा लागेल अशा जागी बसवलेला असतो.

यावरून पहिली तपासणी निघते. व्होल्ट मोजणाऱ्या साध्या डिजिटल मीटरने (मल्टीमीटरने), इंजिन बंद असताना, रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास ती साधारण निम्मी रिकामी असते. मग इंजिन चालू करून थोडा अॅक्सिलरेटर द्यावा. आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावला तर कॉईल आणि रेग्युलेटर दोन्ही आपापले काम करत आहेत. आकडा बारावरच रेंगाळला तर बॅटरी भरलीच जात नाही, आणि नवी बॅटरी आणून ती काही दिवसांत तशीच बसेल. आकडा १५ च्या पुढे चढत गेला तर धरणाचा दरवाजा अडकला आहे. वारंवार बल्ब उडण्याचे हे ठळक कारण असते आणि अशा गाडीत बल्ब बदलत राहणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

जुन्या गाड्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. अनेक जुन्या साध्या गाड्यांची हेडलाईट बॅटरीवर चालतच नाही. ती थेट कॉईलच्या विजेवर चालते. अशा गाडीत सिग्नलला थांबल्यावर हेडलाईट मंदावणे आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर उजळणे हा बिघाड नसून तिचा स्वभाव आहे. त्यासाठी बॅटरी बदलणाऱ्यांची संख्या कमी नाही.

मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, मग दिवा का लागत नाही?

या प्रश्नापाशी शिकाऊ मेकॅनिकही अडकतात. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरच्या पिना लावल्या तर १२ व्होल्ट दिसतात, म्हणून वायरिंग ठीक असे ठरते. नवा बल्ब बसवला की तो पुन्हा मिणमिणतो.

पाइपलाइनकडे परत जावे. पाइपमध्ये गाळ साचला असला तरी शेताकडचा व्हॉल्व बंद असताना दाबाचा काटा पूर्ण दाब दाखवतो, कारण पाणी वाहतच नसते. व्हॉल्व उघडला की गाळ आडवा येतो, दाब कोसळतो आणि पाण्याची नुसती करंगळी धार येते. मीटर स्वतः नगण्य प्रवाह घेतो, म्हणजे मीटरने केलेली ती तपासणी बंद व्हॉल्ववरची असते. खरी तपासणी दिवा पेटलेला असताना, प्रवाह वाहत असतानाच करावी लागते.

आकड्यांत पाहू. एखाद्या गंजलेल्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडामध्ये, फक्त ०.३ ओहम (ओहम हे रोधाचे माप) रोध तयार झाला, असे समजा. ६० वॅटच्या दिव्याचा ५ अँपिअर प्रवाह तिथून जाताना ०.३ गुणिले ५, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. दीड व्होल्ट किरकोळ वाटतो, पण तारेच्या (फिलामेंटच्या) बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, तो त्याहून पुष्कळ वेगाने घटतो: दाब दहा टक्क्यांनी उतरला की प्रकाश साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. शिवाय तो खर्च झालेला दीड व्होल्ट कुठे नाहीसा होत नाही. त्याची सुमारे साडेसात वॅट उष्णता होऊन त्या छोट्याशा प्लास्टिकच्या कपलरमध्येच साठते. हेडलाईटच्या मागचा वितळून तपकिरी पडलेला कपलर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हाच हिशेब डोळ्यांनी पाहिला आहे.

परतीची वाट तुंबली की काय होते?

मोजणीची पद्धत सोपी आहे. दिवा पेटता ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकावर आणि दुसरी होल्डरच्या मागून अर्थिंगच्या पत्तीवर टेकवावी. वाट मोकळी असेल तर आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. तीच मोजणी बॅटरीच्या अधिक टोकापासून बल्बच्या चालू पत्तीपर्यंत केली की जाण्याच्या वाटेचीही परीक्षा होते. ज्यांची हेडलाईट थेट कॉईलवर चालते, त्यांना ही पद्धत ब्रेक लाईट आणि इंडिकेटरसाठी वापरता येईल.

अर्थिंगचा बिघाड ओळखण्यासाठी मात्र अनेकदा मीटरचीही गरज पडत नाही, कारण तो चमत्कारिक लक्षणे दाखवतो. पंचगंगेला मोठा पूर आला की जयंती नाल्याचे पाणी नदीत जायचे सोडून उलटे फिरते आणि शाहूपुरीच्या गल्ल्यांत शिरते, हा फुगवटा इथल्या लोकांना पाठ आहे. विजेचेही तसेच आहे. परतीची नेहमीची वाट बंद झाली की ती शेजारच्या दिव्याच्या दारातून, उलट्या दिशेने वाट काढते.

मागच्या दिव्याचा बल्ब हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्यात २१ वॅटची ब्रेकची तार आणि ५ वॅटची टेल लॅम्पची तार अशा दोन बारीक तारा (फिलामेंट) असतात, आणि दोघींची परतीची वाट बल्बच्या पितळी अंगातून एकच असते. त्या अंगाचा सांगाड्याशी संबंध तुटला आणि ब्रेक दाबला, तर प्रवाह २१ वॅटच्या तारेतून खाली उतरतो, पुढे जायला जागा न मिळाल्याने ५ वॅटच्या तारेतून उलटा चढतो, टेल लॅम्पच्या वायरमधून थेट पुढे स्पीडोमीटरच्या बल्बमध्ये जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगवरून घरी पोचतो. एवढ्या लांबच्या वाटेने प्रवाह इतका रोडावतो की २१ वॅटची जाड तार तापतही नाही, पण स्पीडोमीटरचा चिमुकला बल्ब तेवढ्यावरही उजळतो. लेखाच्या सुरुवातीची ‘ब्रेक दाबला की स्पीडोमीटरचा दिवा लागतो’ ही तक्रार हीच. दोन दिवे एकमेकांच्या तालावर नाचू लागले, एक लावला की दुसरा मलूल झाला, की बल्ब आणि स्विच बाजूला ठेवून आधी अर्थिंग पाहावे.

माझ्याच गाडीवर हा धडा महागात पडला. पावसाळ्यात इंडिकेटर आणि टेल लॅम्प एकाच वेळी मिणमिणू लागले, तेव्हा एका गॅरेजमध्ये बॅटरी संपली असे सांगून नवी बसवण्यात आली आणि चार दिवस बरे वाटल्यावर पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी सीट काढल्यावर सांगाड्याला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट दिसला. त्याखालच्या गोल पत्तीवर तांबूस गंज आणि वरून रंगाचा थर होता. बोल्ट काढून पत्ती आणि सांगाड्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, पुन्हा घट्ट आवळून वर व्हॅसलिनचा हात दिला आणि दिवे पूर्ववत झाले. काढून कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या बॅटरीवर दुसऱ्या दिवशी मीटर लावला, तर १२.७ व्होल्ट.

कोणते दिवे एकत्र बंद पडले?

हत्यार हातात घेण्याआधी हा प्रश्न विचारावा, कारण त्याचे उत्तर निम्मे काम करते. सगळेच दिवे आणि हॉर्नही एकदम गेला, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी, म्हणजे मुख्य फ्यूज, बॅटरीची टोके किंवा चावीचा स्विच येथे शोधावा. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, तर अर्थिंग निर्दोष आहे, कारण ते दोघांचे एकच असते. मग बल्बमधली एक तार तुटली आहे किंवा डिपरच्या बटणात कार्बन धरला आहे. पायाने ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो आणि हाताच्या लिव्हरने लागत नाही, तर लिव्हरखालचा छोटा स्विच गेला आहे, कारण बल्ब आणि त्याची वायर पायाच्या ब्रेकने आधीच पास केली आहे. इंडिकेटरच्या एका बाजूची लुकलुक अचानक भरभर होऊ लागली, किंवा दिवा लुकलुकण्याऐवजी नुसता पेटून राहिला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण अनेक गाड्यांत फ्लॅशरची, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीची, गती त्यातून जाणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते.

हँडल वळवले की दिवा जातो आणि सरळ केले की येतो, ही तक्रार तर उत्तर सांगतच आलेली असते. हँडलच्या मानेपाशी वायरिंगचा जुडगा दररोज शेकडो वेळा वाकतो, आणि तिथे वरचे प्लास्टिक शाबूत असूनही आतले तांब्याचे धागे तुटलेले सापडतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर

वर पाहिलेल्या बिघाडांत प्रवाह कमी पडतो. फ्यूज उडतो तेव्हा तो नको तितका वाढलेला असतो. एखादी चालू तार घासून उघडी पडते आणि सांगाड्याला टेकते, म्हणजे बल्बपर्यंत जाण्याआधीच विजेला घरी जाण्याचा आडमार्ग मिळतो. अशा वेळी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची किंवा दुप्पट अँपिअरचा फ्यूज घालण्याची जी हौस दिसते, तिच्याइतका धोकादायक उपाय दुसरा नाही. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जाते.

जुने वायरमन एक युक्ती वापरतात, जी मला सर्वांत देखणी वाटते. उडालेल्या फ्यूजच्या जागी, दोन तारा जोडून, ब्रेक लाईटचा २१ वॅटचा बल्ब लावावा. शॉर्ट कायम असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, आणि त्याच्यामुळे प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नसल्याने काही जळत नाही. आता सावकाश हँडल दोन्ही बाजूंना फिरवावे, सीटखालचा आणि टाकीखालचा वायरिंगचा जुडगा एकेक वीत हलवत जावे. ज्या क्षणी बल्ब मंदावतो, त्या क्षणी आपला हात दोषाच्या जागेवर असतो.

पाऊस, पूर आणि वॉशिंग सेंटर

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शहरातल्या आणि नदीकाठच्या गावांतल्या असंख्य दुचाकी कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. इंजिन खोलून, तेल बदलून त्या चालू झाल्या, पण दिव्यांच्या तक्रारी नंतर उपटत राहिल्या. कारण पुराचे पाणी कपलरमध्ये शिरते, बारीक गाळ सोडून वाळते आणि तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढवते. तो थर विजेला जवळजवळ अडवतोच. तारेच्या वेष्टणाखाली ओल चढली तर आतले तांबे काळे पडते आणि अशी तार बाहेरून कितीही बरी दिसली तरी कापून टाकावी लागते. बुडालेल्या गाडीचा प्रत्येक कपलर सोडवून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, कोरडा करूनच पुन्हा जोडावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळले जाते.

त्यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. वॉशिंग सेंटरमध्ये जोराच्या फवाऱ्याचे तोंड हँडलवरच्या बटणांवर आणि हेडलाईटच्या मागे धरले, तर महापुराचे काम दोन मिनिटांत होते. आणि पिळून टेप मारलेले जोड तर पाण्याला आमंत्रणच देतात. जोडाला सोल्डरचा डाग देऊन त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी.

‘‘मग जास्त वॅटचा बल्बच का घालू नये?’’

हा आक्षेप स्वाभाविक आहे, विशेषतः उसाच्या हंगामात, जेव्हा रात्री रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक पुढ्यात येते. पण ३५ वॅटऐवजी ६० वॅटचा बल्ब घातला की प्रवाह पावणेदोन पट होतो, आणि जोडांमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ तिप्पट वाढते. तुंबलेली वाट आणखी तापते, होल्डर वितळतो आणि नव्या बल्बचा बराचसा प्रकाश कपलर तापवण्यात जातो. आधी वाट साफ करावी; पुष्कळदा मूळ बल्बच इतका उजळतो की दुसऱ्याची गरज उरत नाही.

एलईडी बल्ब कमी प्रवाह घेतो हे खरे, परंतु जुन्या हेडलाईटचा आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो. त्यात प्रकाशाची जागा थोडी जरी चुकली तरी झोत विखुरतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि पन्हाळ्याच्या घाटातल्या धुक्यात तोच पांढरा प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो. थेट कॉईलवर चालणाऱ्या हेडलाईटमध्ये तो लुकलुकतोही. इंडिकेटरला एलईडी लावायचे असतील तर त्याबरोबर फ्लॅशर बदलून इलेक्ट्रॉनिक बसवावा लागतो, अन्यथा बल्ब गेल्यासारखी भरभर लुकलुक सुरू होते.

‘‘दिवसभर हेडलाईट जळते, त्याने बॅटरी उतरत नाही का?’’

इंजिन चालू असताना हेडलाईटचा भार कॉईल उचलते, बॅटरी नव्हे. ३५ वॅटची हेडलाईट, ५ वॅटचा टेल लॅम्प, २१ वॅटचा ब्रेक लाईट आणि एका बाजूचे १० वॅटचे दोन इंडिकेटर एकदम लागले तरी बेरीज ८१ वॅट होते, आणि गाडीची कॉईल हा भार धरूनच आखलेली असते. बॅटरी उतरत असेल तर ती भरली का जात नाही हे शोधावे, आणि त्याची सुरुवात १३.५ ते १४.५ च्या त्या आकड्यापासून करावी.

बिघाड वेळेवर लक्षात येण्यासाठी मीटरही लागत नाही. रात्री घरी येताना बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून गाडी क्षणभर उभी करावी, अप्पर-डिपर लावून पाहावे, इंजिन थोडे फिरवल्यावर झोत बदलतो का ते बघावे. मग गाडी वळवून शटरकडे पाठ करावी, आधी लिव्हर आणि नंतर पायाचा ब्रेक दाबावा आणि शटरच्या पत्र्यावर दोन्ही वेळा सारखाच लाल उजेड पडतो का, ते आरशात पाहावे.